मरतुक धरून चाललेला धंदा

शहरातल्या पेट शॉपमध्ये हॅमस्टर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. तो आजारी पडला आणि छोट्या प्राण्यांचं ज्यांना कळतं अशा डॉक्टरकडे नेला, तर नुसत्या तपासणीलाच तेवढे किंवा त्याहून जास्त पैसे पडतात. सगळा प्रश्न या दोन आकड्यांत आहे. ज्या जिवाची किंमत त्याच्या औषधापेक्षा कमी, त्याच्यावर दुकानात उपचार होत नाहीत. दुकानदार निर्दय असायलाच हवा असं नाही. हिशेबच तसा पडतो. पोल्ट्रीवाले पिल्लांची खेप घेताना त्यातली किती मरणार हे आधीच धरून चालतात. त्याला मरतुक म्हणतात. हौसेने पाळण्यासाठी विकले जाणारे ससे, गिनी पिग, हॅमस्टर, पांढरे उंदीर, बजरी पक्षी, सोनमासे यांच्या धंद्यातही मरतुक अशीच किमतीत बसवलेली असते.

माझं म्हणणं असं की छोटे प्राणी दुकानात साठवून, मांडून, येईल त्या गिऱ्हाइकाला हातोहात विकायची पद्धतच बंद व्हायला हवी. पिंजरे मोठे करा, पाणी वेळेवर द्या, या मागण्या रास्त आहेत आणि त्या व्हायलाच हव्यात. पण त्यांनी वरचा हिशेब बदलत नाही. जोपर्यंत जिवंत प्राणी काउंटरवरचा माल आहे, तोपर्यंत त्यातला थोडा माल खराब होणार हे गृहीतच धरलं जाणार.

कुत्र्या-मांजरांच्या बाजूने बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यावरून सोसायट्यांमध्ये भांडणं होतात, प्रकरणं कोर्टात जातात, वर्तमानपत्रांत पत्रं येतात. सशासाठी असं कुणी भांडत नाही, आणि त्याचं एक कारण सशाच्या स्वभावात आहे. ससा, गिनी पिग, हॅमस्टर हे सगळे दुसऱ्याचं भक्ष्य असलेले प्राणी. आजारपण दिसलं की रानात पहिला बळी आपलाच, म्हणून दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. कुत्रा कण्हतो, लंगडतो, कुशीत येऊन बसतो. ससा कोपऱ्यात गप्प बसून राहतो. दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलेला ससा हलत नाही, तेव्हा दुकानदार म्हणतो, "बघा, किती शांत आहे, लगेच माणसाळतो." अनेकदा तो भीतीने गोठलेला असतो. त्याच्या नाकपुड्या बघा, किती वेगाने हलत असतात. घेणाऱ्याला ते गोड वाटतं.

हा माल येतो कुठून? बहुतेक वेळा कुणाच्या तरी गच्चीवरून, पत्र्याच्या शेडमधून. तिथून भोकं पाडलेल्या खोक्यात, खासगी बसच्या डिकीत किंवा रेल्वेच्या पार्सलात, मग घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून दुकानात. जितकं पिल्लू लहान, तितकं ते गोंडस दिसतं आणि लवकर खपतं. म्हणून ते आईच्या दुधावरून घाईने तोडलं जातं. या एका घाईत पुढचे अर्धे मृत्यू दडलेले आहेत. हॅमस्टरचंच घ्या. दूध तुटणं, प्रवास, नवी जागा, गर्दी, बदललेलं खाणं हे सगळं त्याच्या वाट्याला एकाच आठवड्यात येतं. आतड्याचा एक आजार नेमका याच वयात, याच ताणाने उफाळतो. शेपटीकडचा भाग जुलाबाने ओला राहतो, पिल्लू पाठ काढून बसतं, आणि पुष्कळदा दोन दिवसांत संपतं. घरी नेल्यावर चौथ्या दिवशी मेलेल्या हॅमस्टरबद्दल पोराला सांगितलं जातं की तू त्याला फार हाताळलंस. आजार बहुधा दुकानातूनच आलेला असतो.

या प्राण्याची गोष्ट मुळातून कळली तर त्याचा दुकानातला काचेचा डबा पाहवत नाही. 1930 साली इस्रायल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांचा वंश जवळजवळ सगळा त्या एका बिळातून वाढला आहे. हा प्राणी जमिनीखाली बीळ करून राहतो, एकटा राहतो आणि रात्री कित्येक किलोमीटर धावतो. मोठे झालेले दोन सीरियन हॅमस्टर एका जागी ठेवले तर ते जिवावर उठतात. दुकानात काय दिसतं? एका काचेच्या टाकीत भुशावर दहा-बारा जण, डोक्यावर पांढरी ट्यूब, दिवसभर काचेवर टकटक करणारी मुलं. एखाद्याचा कान कुरतडलेला, एखाद्याच्या पाठीवर केस नाहीत. आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, "जोडी घ्या, एकटा कंटाळतो."

गिनी पिगचं याच्या बरोबर उलट. त्याला सोबत लागतेच. स्वित्झर्लंडने 2008 पासून एकटा गिनी पिग पाळणं कायद्याने बंद केलं आहे. आपल्याकडे जोडी म्हणून देतात तेव्हा नर कोणता, मादी कोणती, हे देणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. "दोन्ही माद्या आहेत" म्हणून आणलेल्या सशांच्या जोडीला महिन्याभरात पिल्लं होतात, कारण सशाचा गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा आणि व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. मग ती पिल्लं सोसायटीच्या बागेत, टेकडीवर, एखाद्या मंदिराच्या आवारात "निसर्गात" सोडली जातात. पांढऱ्या रंगाचा, लाल डोळ्यांचा, कधी बीळ न पाहिलेला प्राणी तिथे किती रात्री टिकेल? कुत्री, मांजरं आणि घारी तो प्रश्न फार लवकर सोडवतात.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तिशीच्या आसपास पारा गेला की त्याचा त्रास सुरू होतो. गिनी पिग अँडीजच्या थंड डोंगरांतला. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या घरात असतो, आणि दुकान असतं दहा बाय बाराच्या गाळ्यात. दिवसा निदान पंखा असतो, कूलर असतो, माणूस असतो. रात्री शटर पडल्यावर आतला पंखा चालू राहतो का, वीज गेली तर कोण येतं, हे कुणी विचारत नाही. सकाळी शटर उघडल्यावर जे हलत नाही, ते गिऱ्हाईक यायच्या आत पिशवीत जातं.

पुण्यात माझी एक पशुवैद्य मैत्रीण आहे. तिच्या दवाखान्यात मी अधूनमधून बसते. तिथे पाहिलेला एक ससा सांगते. भाजीच्या टोपलीत टॉवेलवर बसवून वडील आणि मुलगी त्याला घेऊन आले होते. तक्रार एवढीच, की दोन दिवस काही खात नाही. मैत्रिणीने त्याचा वरचा ओठ अंगठ्याने अलगद बाजूला केला. खालचे दोन दात पुढे येऊन वर वळले होते आणि वरचे आत वळून टाळूकडे निघाले होते. मग तिने छोटं उपकरण घालून आतल्या दाढा दाखवल्या. दाढांच्या कडांना काटे आले होते आणि जिभेच्या बाजूला त्यांनी घासून जखम केली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. दिवसभर गवत चावून ते झिजायचे असतात. याला मिळत होतं दूध-पोळी, बिस्कीट आणि गाजर. "दुकानदार म्हणाला होता, घरातलं सगळं खातो," वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांनी माया कमी केली नव्हती. गाजर तर रोज किसून देत होते. त्यांना सुकं गवत कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्या दुकानातून ससा आणला तिथे सुकं गवत विकायला नव्हतं.

ससा वाचला, पण दर काही आठवड्यांनी त्याचे दात कापावे लागणार होते, तेही भूल देऊन. म्हणजे दुकानातल्या किमतीच्या कितीतरी पट खर्च, आयुष्यभर. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. विकताना यातलं एक वाक्य तरी बोललं गेलं असतं, तर त्या घरात ससा आलाच नसता, किंवा आला असता तर असा आला नसता.

असे लोक निदान डॉक्टरकडे तरी येतात. पुष्कळ घरांत त्याआधी एक घरगुती उपाय होतो. मुलांच्या खोकल्याच्या वेळी उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप ड्रॉपरने सशाला पाजतात. ससा, गिनी पिग आणि हॅमस्टर यांना पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडाने दिली तर त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी वाढतात आणि त्यानेच प्राणी दगावतो. जीव वाचवायला दिलेल्या औषधाने जीव जातो. आपल्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची सगळी घडण गाय, म्हैस, शेळी, बैल यांच्यासाठी आहे, आणि ती तशीच असायला हवी. पण मग ज्यांच्यासाठी डॉक्टर नाही, औषध नाही, गवत नाही, अशा प्राण्यांची विक्री मात्र तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोचते, याचा जाब कुणीतरी द्यायला हवा.

आठवडी बाजारात शेळी घेणारा माणूस तिचे दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो, दहा प्रश्न विचारतो. त्याचे हजारो रुपये लागलेले असतात आणि त्याला शेळीतलं कळतं. विकणाऱ्यालाही तोच बाजार पुन्हा करायचा असतो, म्हणून तोंडाला येईल ते सांगून चालत नाही. शहरातल्या पेट शॉपमध्ये घेणाऱ्याला काही कळत नाही, विकणाऱ्याला बेताचंच कळतं, आणि दोघांमध्ये जो पैसा फिरतो तो इतका थोडा, की चूक झाली तरी कुणाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते फक्त प्राण्याचं.

सगळ्यात स्वस्त जीव कोणता असेल तर जत्रेत आणि गल्लीबोळांत मिळणारी रंगवलेली कोंबडीची पिल्लं. गुलाबी, हिरवी, जांभळी. टोपलीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कलकल करत असतात. कुठे दहा-वीस रुपयांना, कुठे भंगाराच्या बदल्यात. ही बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं. नर अंडी देत नाही आणि या जातीला मांसही भरत नाही, म्हणून हॅचरीला ती नकोच असतात. फेकून द्यायचा माल रंगवून मुलांना विकला जातो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 32 ते 35 अंशांची ऊब लागते. घरात नेऊन बुटाच्या खोक्यात ठेवलेलं पिल्लू रात्री गारठून मरतं, आणि दिवसा मुलांच्या हातांत दमून मरतं. कुणी म्हणेल, कोंबडी खाणाऱ्या समाजात पिल्लांची काय एवढी काळजी? मी स्वतः मांसाहाराच्या प्रश्नात इथे शिरत नाही, कारण त्याची गरजच नाही. जेवणासाठी मारणं योग्य की अयोग्य, यावर माणसांची मतं वेगळी असू शकतात. दोन दिवस खेळवून मरू देण्यासाठी जीव विकणं योग्य आहे, असं मत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता कायद्याकडे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेला पाठपुरावा होता, आणि 1962 साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. कायद्याची भाषा आजही वाचावी अशी आहे. माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी, अशी त्यात व्याख्या आहे. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा कलम 11 खाली गुन्हा. उपासमार, तहान, गर्दी यांनी त्रासलेला प्राणी विकायला ठेवणं हाही गुन्हा. म्हणजे पेट शॉपमधली निम्मी दृश्यं 1960 पासून बेकायदा आहेत. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50 रुपये दंड. 1960 साली 50 रुपये ही दखल घेण्याजोगी रक्कम होती. आज गाडी पार्क करायला याहून जास्त लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या जल्लिकट्टू निकालात संसदेकडून दंड वाढवण्याची अपेक्षा व्यक्त केली. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला. दंड 50 रुपयांवरच आहे.

पेट शॉपसाठी वेगळे नियम 2018 साली आले, आणि ते कागदावर चांगले आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी लावायचं, पिंजऱ्यांची मापं पाळायची, पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यायची, आलेल्या-गेलेल्या प्राण्यांच्या नोंदी ठेवायच्या, वर्षाचा अहवाल मंडळाला द्यायचा. तुमच्या भागातल्या दुकानात ते प्रमाणपत्र भिंतीवर दिसतं का, हे येता-जाता जरूर बघा.

मात्र या नियमांत पाळीव प्राणी म्हणजे कोण, तर कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅमस्टर, उंदीरवर्गातले प्राणी आणि पिंजऱ्यातले पक्षी. मासे नाहीत. कोंबडीची पिल्लं नाहीत. संख्येने जे सगळ्यात जास्त विकले जातात आणि सगळ्यात लवकर मरतात, ते व्याख्येच्या बाहेर राहिले. माशांसाठी 2017 साली स्वतंत्र नियम निघाले होते. व्यावसायिकांचा विरोध झाला आणि ते मागे घेतले गेले. त्यामुळे काचेच्या गोल भांड्यात सोनमासा देणाऱ्याला विचारणारं कुणी नाही. सोनमासा नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो, वीतभर वाढतो. त्या भांड्यात त्याच्याच मलमूत्राचा अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू नव्या पाण्यात तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि मासा तोवर गुदमरून मरतो. लोक म्हणतात, "मासे काय, मरतातच." दुकानदाराला याहून सोयीचं वाक्य दुसरं नाही.

भारतीय पोपट, मुनिया, मैना यांचा व्यापार तर 1991 पासून पूर्ण बंद आहे, तरी पोपटाचा पिंजरा अजून गॅलऱ्यांमध्ये टांगलेला दिसतो. त्याबद्दल वन विभाग अधूनमधून धाडी घालतो, हे बरं आहे. कासवांबाबत एक घोटाळा आहे. भारतीय कासव बाळगणं गुन्हा, हे दुकानदारांना पक्कं माहीत आहे. म्हणून ते कानाशी लाल पट्टा असलेलं अमेरिकन कासव विकतात. रुपयाएवढं असतं तेव्हा छान दिसतं. पुढे ते ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि कंटाळलेले मालक ते तलावात किंवा देवळाच्या तळ्यात पुण्य म्हणून सोडतात. तिथे ते आपल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. जगातल्या सर्वात उपद्रवी परक्या जातींच्या शंभरांच्या यादीत त्याचं नाव आहे. खुद्द अमेरिकेने 1975 सालीच चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली, कारण मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेला या जिवाणूची लागण होत होती. तिथे पन्नास वर्षांपूर्वी धोकादायक ठरलेलं पिल्लू आपण आज मुलाच्या वाढदिवसाला भेट देतो.

या सगळ्यावर एक आक्षेप मी मनापासून गंभीरपणे घेते, कारण तो चांगल्या हेतूने येतो. मुलांना प्राण्यांचा लळा लागावा, जबाबदारी कळावी, फ्लॅटमध्ये कुत्रा शक्य नाही, म्हणून एखादा छोटा प्राणी. हा विचार चुकीचा नाही. प्राण्यासोबत वाढलेल्या मुलाला काहीतरी मिळतं, हे मी पाहिलं आहे. पण ते कशातून मिळतं? वर्षानुवर्षं एका जिवाची आवड-निवड ओळखण्यातून, त्याच्या वेळेला आपली वेळ जुळवण्यातून. दुकानातला चार दिवसांत मरणारा हॅमस्टर ते देऊ शकत नाही. तो मेला की बाबा म्हणतात, "रडू नको, रविवारी दुसरा आणू." आणि रविवारी तसलाच दुसरा येतो, त्याच पिंजऱ्यात, कधी कधी त्याच नावाने. मूल इथे जे शिकतं ते हे, की जीव बदलून मिळतो. लळा लावायचा म्हणून आणलेल्या प्राण्याने बेफिकिरी शिकवावी, याची जबाबदारी मुलावर तर नाहीच, पालकांवरही पूर्ण नाही. विक्रीची रीतच असा धडा देते. ज्यांना खरोखर पाळायचं आहे त्यांच्यासाठी सोडून दिलेले ससे, गिनी पिग, पक्षी सांभाळणाऱ्या संस्था आणि माणसं मोठ्या शहरांत आहेत, आणि त्यांच्याकडे जागा अपुरी पडते इतके प्राणी येतात.

दुसरा आक्षेप पोटाचा. दुकानदारांनी काय करायचं? छोटे गाळे, भाडं, दोन-तीन पोरं कामाला. त्यांचं हसं करून किंवा त्यांना खलनायक ठरवून काही साधणार नाही. पण जिवंत प्राणी एकदाच विकला जातो; त्याचं खाणं, गवत, भुसा, पिंजरा, औषध हे दर महिन्याला. प्राणी जितका जास्त जगेल तितकं हे गिऱ्हाईक टिकतं. प्राणी न विकता फक्त खाद्य आणि साहित्य विकून चालणारी दुकानं आजही आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2019 साली दुकानांना कुत्री, मांजरं आणि ससे विकायचेच असतील तर ते आश्रयगृहांतूनच आणायची अट घातली, आणि 2021 पासून दुकानांतली त्यांची विक्रीच बंद केली. फ्रान्सने 2024 च्या 1 जानेवारीपासून दुकानांतली कुत्र्या-मांजरांची विक्री बंद केली. ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणि बाजारातल्या ठेल्यांवर पाळीव प्राणी विकायला 1983 पासून मनाई आहे. यातल्या कुठल्याही देशात पाळीव प्राण्यांचा व्यवसाय बुडाला नाही.

मग विक्री सगळी फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर जाईल, असं म्हटलं जातं. थोडी जाईल, आणि आजही तिथे ती चालूच आहे. पण मला जे हवंय त्यात विक्रीवर सरसकट बंदी नाही. दुकानात जिवंत साठा नको, एवढंच. ज्याला ससा हवा त्याने नोंद करावी, सांभाळायचं माहितीपत्रक घेऊन घरी जावं, पिंजरा, गवत, डॉक्टरचा पत्ता यांची तयारी करावी, आणि काही दिवसांनी नोंदणीकृत पैदासकाराकडून, दूध सुटलेलं, नर-मादी तपासलेलं पिल्लू थेट घ्यावं. मधला खोका, मधली डिकी, मधली काचेची टाकी गळून पडते. रविवारच्या फेरफटक्यात पोराच्या हट्टाखातर होणारी खरेदीही गळून पडते, आणि निम्मं दुःख तिथेच आहे. दोन आठवडे थांबायची ज्याची तयारी नाही, तो आठ वर्षं काय सांभाळणार? अशा प्राण्याची किंमत वाढेल, हे मला मान्य आहे. ती वाढायलाच हवी.

यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायची गरज नाही. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटचं, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईचं उदाहरण घ्या. पक्षी आणि छोटे प्राणी विकत घ्यायचे तर मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जात आले. ती मंडई 1869 साली उभी राहिली. त्याच शहरात 1874 साली प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि 1883 साली परळला जनावरांचं रुग्णालयही स्थापन झालं. मंडई महापालिकेची आहे. गाळ्यात काय विकायचं आणि काय नाही, कोणत्या अटींवर परवाना द्यायचा, हे ठरवायचा अधिकार मालक म्हणून महापालिकेकडे आहेच. राज्यातल्या इतर महापालिकांच्या आणि नगरपालिकांच्या मंडयांनाही हे लागू होतं. गाळ्याचा करार नव्याने करताना "जिवंत प्राण्यांचा साठा ठेवता येणार नाही" ही एक ओळ घालायला संसदेची दुरुस्ती लागत नाही, कोर्टाचा निकाल लागत नाही. नगरसेवकाने सभेत ठराव मांडावा लागतो, आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीने त्याला पाठिंब्याचं पत्र द्यावं लागतं. तोवर निदान एवढं तरी करता येईल, की 2018 च्या नियमांखाली कोणत्या दुकानांची नोंदणी आहे आणि वर्षभरात तिथे किती प्राणी आले, किती विकले, किती मेले, हे राज्य मंडळाने दुकानाच्या नावानिशी लोकांसमोर ठेवावं. शेवटचा आकडा छापायला सुरुवात झाली, की मरतुक धरून किंमत लावणं कुठल्याही दुकानदाराला अवघड जाईल.